साडेसातची मालिका, सकाळी सव्वासातला

भिकाजी शिगवणांच्या पोटात गोष्ट राहत नसे, आणि त्याचा दोष त्यांना द्यावा असंही नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. पुढे काय येणार हे आधी सांगायचं, याचाच त्यांना पगार होता. खेडहून दापोलीची गाडी सुटली की फुरूस यायला अजून दोन वळणं असायची, तोवर भिकाजींनी फुरूसची माणसं, त्यांच्या पिशव्या आणि पिशवीतल्या कोंबड्या दाराशी आणून उभ्या केलेल्या असायच्या. ड्रायव्हर म्हणायचा, भिकाजी, अरे गाडी पोचू तर दे. पण त्यांना धीरच नसे.

निवृत्त झाले तेव्हा गाडी सुटली, सवय सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्याला सांगत, आता मठ्ठा येईल, मग जिलबी. बोटं तर रिकामी राहतच नसत. तिकिटाचं यंत्र आलं तरी तिकिटाला भोक पाडणाऱ्या पंचची चाल बोटांतून गेली नव्हती, हाताला लागेल त्या वस्तूवर टकटक चालायची. खुर्चीत बसले की पाय हलायचा, पाय थांबला की ते उठायचे. उभ्याने आयुष्य काढलेल्या माणसाला खुर्ची टोचते, असं त्यांची बायको सावित्री म्हणायची. सकाळी सहाला ते स्टँडवर जायचे, सव्वासाताच्या सुमारास यायचे, नऊला परत जायचे. स्टँडवर त्यांचं काहीही काम नव्हतं.

या माणसाला घरात धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, संध्याकाळी साडेसातची मालिका.

हसू नका. त्या अर्ध्या तासावर भिकाजींचा संसार उभा होता. नोकरीत असताना त्यांच्या वाट्याला वस्तीच्या गाड्या फार. गाडी संध्याकाळी जायची, रात्री तिथेच मुक्काम करायची, सकाळी निघायची. आज मंडणगडच्या वरच्या अंगाला, उद्या हर्णेला, परवा कोण आजारी पडला म्हणून त्याच्या जागी आणखी कुठे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी. मुलगा हर्षद चालायला लागला ते त्यांना सावित्रीने सांगितलं, दहावी पास झाला ते डेपोतल्या शिपायाने. घरी मात्र कधीही आले तरी ताटात भात असायचा. बायको मनकवडी आहे, असं ते डेपोत कौतुकाने सांगत.

आणि मग एक दिवस हार, शाल, नारळ घेऊन ते कायमचे घरी आले. दोघं समोरासमोर बसली आणि बोलायला काही सापडेना. पहिले तीन महिने भिकाजींना वाटे, आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आलोय आणि निघायची वेळ विसरलोय. त्या मालिकेने वाचवलं. मालिकेत ओवी नावाची एक सोशिक सून होती आणि मालतीबाई नावाची कजाग सासू. मालतीबाईने ओवीला भर दिवसा घराबाहेर काढलं, तेव्हा सावित्री पहिल्यांदा नवऱ्याकडे वळून तावातावाने बोलली. भिकाजींनीही उत्तर दिलं. जेवताना ओवीवर बोलणं झालं, ओवीवरून सावित्रीच्या बहिणीवर, बहिणीवरून माहेरच्या काजूच्या बागेवर. तेव्हापासून साडेसात ते जेवण आटपेपर्यंत त्या घरात माणसं बोलत. ही मालिका संपली तर आपण बोलायचं काय, ही धास्ती भिकाजींना खरोखरच होती.

शिमग्याला हर्षद ठाण्याहून आला आणि त्याने हिशोब मांडला. नातीला, वेदिकाला, फोनवर बघता यावं म्हणून घरात इंटरनेट घेतलेलंच होतं, मग डिशला महिन्याला वेगळे पैसे कशाला भरायचे? मालिका, बातम्या, कीर्तन, सगळं नेटवर दिसतं. त्याने डिश बंद करून टाकली, टीव्हीच्या पाठीत बोटाएवढं काहीतरी खोचलं आणि वडिलांच्या हातात चार बटणांचा चिमुकला रिमोट दिला. कौलांवरची छत्री खाली आली. सावित्रीने ती घासूनपुसून अंगणात ठेवली आणि पुढे मे महिन्यात तिच्यात आमसुलं वाळत घातली.

भिकाजी आठवडाभर हरवल्यासारखे वागले. आधी ते तीनशे वाहिन्या एकामागून एक फिरवत बसायचे. बघायचे काहीच नाहीत, पण हाताला काम असायचं. इथे आपलं आपण ठरवायचं, काय बघणार ते. असं विचारलं की त्यांना काही सुचत नसे. चाळा म्हणून दाबता दाबता एका सकाळी त्यांना शोध लागला. संध्याकाळी साडेसातला लागणारा भाग नेटवर सकाळीच येऊन बसलेला असतो.

बारा तास आधी! भिकाजींच्या आयुष्यात एवढा मोठा पुढचा थांबा कधी आलाच नव्हता. सावित्री आंघोळ, देवपूजा करेपर्यंत त्यांनी आवाज बारीक करून तो भाग पाहिला. दुपारच्या जेवणापर्यंत कसाबसा धीर धरला आणि पहिल्या घासालाच सांगून टाकलं की आज ओवीचा हरवलेला बाप सापडतो.

सावित्री ओवीच्या बापाची चार महिने वाट बघत होती. तिने हातातला डाव भांड्यात ठेवला. संध्याकाळी टीव्ही लावला नाही. मागच्या पडवीत कुळीथ निवडत बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भिकाजी घरातून अंगणात, अंगणातून फाटकाशी, फाटकापासून स्टँडवर असे फेऱ्या मारत राहिले. जेवताना फक्त भांडी वाजायची. जुने तीन महिने परत आले की काय, असं त्यांना वाटायला लागलं. चौथ्या दिवशी त्यांनीच देवासमोर उभं राहून सांगितलं, यापुढे तोंड उघडणार नाही. सावित्रीने टीव्ही लावला.

शपथ घेणं सोपं होतं, सकाळचा भाग न बघणं काही जमेना. सव्वासात वाजले की हात रिमोटकडे जायचाच. मग दिवसभर ते गुपित पोटात घेऊन हिंडायचं. भाजी चिरताना सावित्री सहज म्हणायची, मालतीबाईला अद्दल घडली पाहिजे बाई, आणि भिकाजी ताडकन उठून विहिरीवर पाणी बघायला जायचे. विहिरीत पाणी होतंच. एकदा तर शब्द अगदी ओठांवर आला म्हणून त्यांनी भाकरीचा एवढा मोठा तुकडा तोंडात कोंबला की ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी वाफ बाहेर काढायला स्टँड होता. कँटीनच्या बाहेर चहाची गाडी लावणाऱ्या संदेशला ते नऊ वाजता सगळा भाग ऐकवायचे. संदेशकडून तो चहा प्यायला आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना कळायचा आणि सव्वानऊच्या गाडीबरोबर हर्णेला रवाना व्हायचा. तिथल्या म्हावरंवाल्या बायकांनी एका कंडक्टरला दम भरला म्हणे, की परत ओवीचं नाव काढलंस तर गाडीत टोपल्या चढवणार नाही. अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एका सावित्रीला, असं भिकाजी समजून होते.

नेटचीही एक खोड होती. भिकाजी सकाळी भाग लावायचे, तर तो कधीकधी थेट शेवटाला उघडायचा. नावं सरकत असायची. मग चरफडत मागे न्यायचा. त्यांनी हर्षदला फोन करून सुनावलं की तुझं नेट उलटं चालतं, आधी शेवट दाखवतं. हर्षद ऑफिसात होता. पहिल्यापासून लावा, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

मे संपत आला होता. त्या दिवशीचा भाग भिकाजींच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता, कारण तो फारच मोठा होता. मालतीबाईला तिच्या मुलांनी घराबाहेर काढलं होतं, आणि ती हातात एक पिशवी घेऊन येणार होती ती ओवीच्याच दारात. भिकाजी दिवसभरात स्टँडवर चार वेळा जाऊन आले. साडेसातला दोघं टीव्हीसमोर बसली. डावा पाय हलायला लागला तसा त्यांनी त्याच्यावर उजवा पाय ठेवला. पडद्यावर ओवी निवांत मेथी निवडत होती. आता दार वाजणार. भिकाजींना पडद्यात रस उरला नव्हता. दार वाजल्यावर सावित्रीचा चेहरा कसा होतो, ते त्यांना बघायचं होतं. ते तिच्याकडेच बघत होते.

सावित्रीने पदर डोळ्यांना लावला. दार अजून वाजलं नव्हतं. ओवीची मेथी चाललेली होती.

मग दार वाजलं.

भिकाजींचा पाय थांबला. कंडक्टरला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. थांबा पुकारायच्या आधी जो पिशवी सावरून उठतो, तो त्या रस्त्याने आधी गेलेला असतो.

"तू सकाळीच बगितलंस," ते म्हणाले.

सावित्रीने पदर खाली घेतला. "व्हय."

"कदी?"

"तुमी सहाला स्टँडवर जाता तवा. रोज बगते."

नेट उलटं का चालत होतं, ते भिकाजींना आत्ता कळलं. "मग सांजचं परत कनाला बगतेस?"

"तुमी बसता म्हणून," सावित्री म्हणाली. तिने रिमोट उचलून आवाज बंद केला. पडद्यावर मालतीबाई मुक्यानेच रडत राहिली. "तुमच्या त्वांडाचा भरवसा नाय. परत कदीतरी सांगून टाकनार, मला राग येनार, मी उठनार. मी उठले की तुमी चालले स्टँडवर. आदीच बगून ठेवलं की राग येत नाय."

भिकाजींना हसू फुटलं. दोन महिने आपण भाकरीचे तुकडे कोंबतोय, विहिरीत डोकावतोय, आणि हिला सगळं आपल्याआधी ठाऊक! ते मोकळेपणाने हसले, मांडीवर थाप मारून हसले. सावित्री हसली नाही. म्हणून मग तेही थांबले.

"आख्ख्या तालुक्याला पुढचा थांबा सांगत व्हतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला एकदा तरी सांगितलंत, उद्या येनार का परवा?"

भिकाजी म्हणाले की ड्युटी बदलायची, त्यांच्या हातात नव्हतं. पण बोलता बोलताच त्यांना डेपोतला फोन आठवला, आणि शेजारच्या घरातला, आणि पुढे हर्षदने आईला घेऊन दिलेला मोबाइल.

"पन मी कदीपन आलो तरी भात असायचा," ते म्हणाले.

"रोज दोगांचा टाकायचे. तुमी नाय आलात की तुमच्या वाट्याचा सकाळी शिळा खायचे."

एवढं बोलून ती पानं घ्यायला उठली. भिकाजी बसून राहिले. एकतीस वर्षांतल्या वस्त्या किती, हे त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. मनकवडी म्हणून जिचं डेपोत कौतुक केलं, ती बाई त्या प्रत्येक वस्तीच्या सकाळी शिळा भात खात होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. जेवताना त्यांनी भात परत परत मागून घेतला. सावित्रीने वाढला, आणि मालतीबाईला ओवीने घरात घ्यावं की घेऊ नये, यावर तीच आधी बोलली. ती घेऊ नये म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सहाला भिकाजींनी चपला घातल्या. सावित्री अंगण झाडत होती. फाटकाशी जाऊन ते थांबले, मागे वळले, दोन वेळा खाकरले.

"सव्वासातला येतो," ते म्हणाले.

सावित्रीचा झाडू क्षणभर थांबला. "बरं," ती म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली.

स्टँडवर संदेशने चहा पुढे केला. भिकाजींचं चहात लक्ष नव्हतं. मंडणगडची गाडी लागली, ओळखीचा ड्रायव्हर हाका मारत होता, तरी ते स्टँडवरच्या घड्याळाकडेच बघत होते. हे घड्याळ बरोबर आहे ना, असं त्यांनी दोघांना विचारलं. सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना ते उठले. वाटेत कोणी बोलायला थांबवेल म्हणून नदीकडच्या रस्त्याने गेले, आणि जवळजवळ पळतच गेले.

फाटकात पोचले तेव्हा सात वाजून आठ मिनिटं झाली होती. आतून मालिकेचा आवाज येत होता, सावित्रीचा भाग अजून चालू होता. भिकाजी अंगणातच थांबले. आमसुलांच्या छत्रीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. आमसुलं उलटी केली, परत सुलटी केली. पाय हलत होता, त्याला हलू दिला. आत नावांचं संगीत लागलं, मग टीव्ही बंद झाला. तरीही ते थांबले. सव्वासात म्हणजे सव्वासात.

बरोबर सव्वासातला ते घरात शिरले. सावित्री ओट्याशी उभी होती. दोन कपांत चहा ओतून ठेवलेला होता, आणि दोन्हींतून वाफ येत होती.