कोणाचा सांबार?

साल दोन हजार सव्वीस, माझं वय त्र्याहत्तर. आणि एवढ्या वर्षांत आमच्या जवायांइतका शिकलेला बावळट अकोला-अमरावती मिळून मी दुसरा पाहिला नाही. माणूस अमरावतीचा, बिऱ्हाड जठारपेठेत, धंदा कॉम्प्युटरच्या दुखण्यांचा. पाणी घ्या म्हटलं तर विचारतात, "कोणतं? माठातलं का फ्रिजातलं?" लेकीनं 'अहो' म्हटलं की हे गॅलरीतून खाली बघतात, दुसऱ्या कोणाला तर नाही! घरातल्या डब्यावर चिठ्ठी : 'स्वयंपाकघर, वरची फळी, मीठ.' मीठ काय कोणी न्हाणीत ठेवतं? तर म्हणे, "मामाजी, नुसत्या नावावर भरोसा ठेवू नये." लग्नात 'नवरदेव कुठं आहे' विचारलं तेव्हाही म्हणाले, "कोणता?" सामूहिक विवाह होता, म्हणून खपलं.

अधिक महिन्यात त्यांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं होतं. त्याच दिवशी सकाळी मी सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, घेऊन अकोल्याच्या भाजीबाजारात गेलो. फाटकावर गाड्यांची ही रांग! रात्री कॉम्प्युटरात नवी आवृत्ती टाकली, तेव्हापासून पावती निघेना. आणि पावतीशिवाय लिलाव नाही. खिडकीत कोण? आमचेच जवाई, घामानं निथळलेले. वर मे महिन्याचं अकोल्याचं ऊन. माझा सांबार मान टाकायला लागला होता.

"काय झालं, बापू?"

"टेबल नाही म्हनते."

पडद्यावर शेतकऱ्यांच्या नावांचं टेबल मला, चौथी शिकलेल्याला, ढळढळीत दिसत होतं. "हे काय मंग, म्हैस हाय?"

"म्या शोधलं तं सापडते, मामाजी. पावतीवाल्या फंक्शनले सापडत नाही. आंधी नुसतं नाव घेतलं का डेटाबेस आपल्या मनानं खोल्या धुंडे. आता म्हनते, कोनत्या खोलीतलं ते पयले सांगा."

म्हणजे नवी आवृत्ती थेट जवायांवर गेली होती! त्या खोलीला ते स्कीमा म्हणतात. फंक्शनात, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या हुकमात, जिथं जिथं टेबलाचं नाव, तिथं आधी स्कीमाचं नाव आणि टिंब लिहायचं. अशी फंक्शनं पोतंभर, आणि हे एकेक ओळ तीनदा वाचणार.

मी खिडकीत वाकून म्हटलं, "माही पावती हातानं लिहून द्या. सांबार मरून राह्यला."

पडद्यावरची नजर न काढता, सगळ्या रांगेसमोर ते म्हणाले, "कोनाचा सांबार? पूर्न नाव सांगा, नंबर लावा."

सख्ख्या सासऱ्याला! मागं कोणीतरी फिदकन हसलं. "जवाई हाय का जमादार?"

दुपारी पावत्या निघाल्या, तेव्हा माझा माल गाईंच्या कामाचा उरला होता. घरी धोंडे झाकून ठेवलेले. शेवटची गाडी आत जाईपर्यंत जवाई खिडकीतून उठले नाहीत, जेवायला आलेच नाहीत. बायकोला म्हटलं, "येऊच नये त्यायनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिच्याच धाकानं, धोंड्यांचा डबा घेऊन मी जठारपेठेत गेलो. कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोन?"

मी ठरवूनच गेलो होतो. छाती काढून सुरू केलं : माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट...

तालुका यायच्या आत दार उघडलं. जवाई उभे, डोळे लाल, अंगात कालचाच शर्ट.

"मामाजी, तुमी नुसतं खोकलले तरी समजते मले."

हातातला डबा त्यांनी घेतला. कोणता डबा, कुठला, कोणासाठी, काही काही विचारलं नाही.