बोळातलं पाणी

गोदावरीच्या काठच्या त्या गल्लीत मडिवाळप्पांच्या शब्दाला वजन होतं. वजन कसलं, आवाज होता! एस.टी.त कंडक्टरकी करून रिटायर झालेला माणूस. नांदेड-देगलूर गाडीत दाराशी उभं राहून मागच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू जाईल असं बोलायची सवय. अशा माणसाला लोक न विचारता पुढारी करून टाकतात, आणि त्यालाही ते न विचारता आवडतं.

पुराच्या वेळी मात्र तो आवाज काही कामाला आला नव्हता. बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ तेलंगणा तुडवत मराठवाड्यावर आलं, आभाळ फाटलं, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि गोदामाय गल्लीत शिरली. मडिवाळप्पांचं घर पत्र्याचं. कंबरभर पाण्यात बायकोला, गुणाबाईला, धरून ते दारात नुसते उभे होते. तेव्हा शेजारच्या पार्वतीबाईंनी आपल्या जिन्यातून हाका मारमारून दोघांना वर घेतलं. गल्लीतलं स्लॅबचं घर तेवढं त्यांचंच. पाणी उतरेपर्यंत दोन्ही घरं त्या स्लॅबवर ताडपत्रीखाली राहिली. पार्वतीबाई अंगणवाडीत जन्म काढलेल्या, नवरा नाही, मुलगा धम्मदीप धर्माबादला बँकेत. रॉकेलच्या स्टोव्हवर त्या खिचडी शिजवायच्या आणि पहिली ताटली गुणाबाईच्या हातात द्यायच्या. गुणाबाई तेव्हा तापानं फणफणलेली होती.

पूर ओसरल्यावर शहरात नवीच भाषा सुरू झाली. भिंतींवर पूररेषा रंगवल्या गेल्या, नाले रुंद झाले, विजेची मीटरं माणसाच्या डोक्यावर चढली. एका संस्थेनं ही गल्ली नमुन्याला घेतली. त्यांची इंजिनिअर सुकन्या, अंगानं काडी पण बोलायला खणखणीत. ती म्हणायची, पाण्याला अडवू नका, त्याला जायला वाट द्या. दक्षिणेकडच्या रस्त्याखाली मोठा नाला बांधला गेला. प्रत्येकानं जोतं उंच करायचं आणि अंगणाचा उतार त्या नाल्याकडं द्यायचा, असं ठरलं. पार्वतीबाईंचं घर तेवढं उंच करता येईना, स्लॅब डोक्याला लागला असता. त्यांच्या दाराला पाणी अडवणारी फळी बसवली आणि सुकन्यानं सगळ्यांना बजावलं, की मडिवाळप्पा आणि पार्वतीबाई यांच्या घरांमधल्या बोळात कुणीही थेंबभर पाणी सोडायचं नाही. तो बोळ पुढं बंद आहे, पाणी साचलं तर थेट बाईंच्या जुन्या भिंतीत मुरेल.

मडिवाळप्पा समितीचे अध्यक्ष. त्यांनी हा नियम सभेत आपल्या आवाजात पुन्हा सांगितला, आणि वर दम दिला, "कुणी हयगय केली तर माझ्याशी गाठ हाय!"

आणि गाठ पडली ती त्यांचीच त्यांच्याशी.

झालं असं, की काम चालू असतानाच गुणाबाईच्या पोटाचं ऑपरेशन लातूरला करावं लागलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून बसून माणूस कुणाचंही ऐकतो. शेजारी वास्तू बघणारा एक गृहस्थ टेकला होता. घराचं काम चालू आहे म्हटल्यावर त्यानं विचारलं, पाण्याचा उतार कुणीकडं? दक्षिणेकडं म्हणताच त्यानं जीभ चावली. "यमाची दिशा हाय ती, आप्पा. तिकडं पाणी काढलं की घरातली बाई न्हाई ऱ्हात. उतार ईशान्येला पायजे." आत गुणाबाई बेशुद्ध होती. एरवी अशा माणसाला मडिवाळप्पांनी अर्ध्या वाटेत गाडीतून उतरवलं असतं. त्या दिवशी त्यांना घाम फुटला.

घरी आल्यावर त्यांनी आधी सुकन्याला अंगणाचा उतार तपासून जाऊ दिलं. मग गवंड्याला चहा पाजून अंगणाची फरशी उखडली आणि ईशान्येला उतार देऊन पुन्हा बसवली. कंपाउंडच्या भिंतीला तळाशी एक भोक पाडलं, त्याच्यापुढं पाण्याची टाकी ठेवली. भोक उघडत होतं बोळात. पाणी असं कितीसं असणार, मुरेल आपोआप, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस दुसऱ्याला फसवण्याआधी स्वतःवर हात साफ करून घेतो, तसंच हे. गुणाबाईलाही त्यांनी काही सांगितलं नाही.

पुढच्या भादव्यात जोराचा पाऊस झाला. नाल्यानं सगळं पाणी गिळलं. गल्लीत घरोघरी कोरडं, लोक एकमेकांच्या दारात जाऊन फरशीवर हात फिरवून बघत होते. फक्त पार्वतीबाईंच्या घरात बोळाकडच्या भिंतीतून पाणी आलं आणि धान्याचे डबे, गाद्या, देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेली बुद्धाची तसबीर, सगळं भिजलं. धम्मदीप धर्माबादहून धावत आला. सुकन्याला बोलावणं गेलं.

"तुमच्या अभ्यासाचा काय उपयोग, मॅडम? माझ्या आईच्याच घरात पाणी कामून?" तो भर गल्लीत ओरडला.

लोकही बोलायला लागले. सुकन्यानं बोळ बघायचा म्हटलं, तर बोळात चिखल आणि पाला, भोक त्याच्याआड दडलेलं, काही उमगेना. ती ओल्या भिंतीला हात लावून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "माझ्याच हिशेबात चूक झाली असेल," ती हळू म्हणाली. अध्यक्ष म्हणून सगळे मडिवाळप्पांच्या तोंडाकडं बघत होते. मडिवाळप्पा म्हणाले, "बघू, पुन्यांदा मोजून घेऊ." एवढंच. आयुष्यात इतक्या बारीक आवाजात ते कधी बोलले नव्हते.

गुणाबाईनं त्याच संध्याकाळी पार्वतीबाईंचं अंथरूण आपल्या घरी आणलं. भिंती वाळेपर्यंत इथंच राहायचं, पुराच्या वेळी तुम्ही ठेवून घेतलंत, आता आमची पाळी. पार्वतीबाई मडिवाळप्पांच्या उंच, कोरड्या घरात झोपायला लागल्या. जेवताना म्हणायच्या, "आप्पा, तुमचं काम लई झाक झालं बगा. माझंच काईतरी चुकलं." मडिवाळप्पा ताटावरून लवकर उठायचे आणि उगाच चौकात जाऊन उभे राहायचे. सांगून टाकावं असं रोज मनात यायचं. रोज वाटायचं, उद्या सांगू. लाज अशी की ती सांगण्याच्याच आड येत होती.

मग सुकन्यानं ठरवलं, की रविवारच्या सभेत सगळ्यांसमोर चूक कबूल करायची आणि हे काम सोडायचं. आणि धम्मदीपनं ठरवलं, की आईच्या घरात पाणी येतच राहणार, तर ते पाडूनच टाकायचं. पार्वतीबाई मुकाट्यानं हो म्हणाल्या. ज्या घराच्या स्लॅबवर मडिवाळप्पा जगले, तेच आता पडणार होतं.

शनिवारी दुपारी पाऊस आला. पार्वतीबाई ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. मडिवाळप्पा खुर्चीत. अंगणातलं पाणी जमलं, एका अंगाला कललं आणि टाकीमागं पळायला लागलं. पार्वतीबाईंचे हात थांबले. त्या बघत राहिल्या. मडिवाळप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. उठून टाकीपुढं उभं राहावं असा एक खुळा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

"आप्पा," पार्वतीबाई म्हणाल्या, "हे पाणी कुठं चाललंय?"

कुठली गाडी कुठं चाललीय हे हजारदा सांगितलेल्या माणसाला उत्तर सुचेना. मग एकदम सगळं बाहेर पडलं. लातूरचा व्हरांडा, यमाची दिशा, गवंडी, भोक. "गुणाच्या भ्यानं केलं बाई. मला ठावं होतं बोळात सोडायचं न्हाई. ठावं असून केलं."

पार्वतीबाईंनी भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मी दिशा-बिशा मानत न्हाई, आप्पा. पण तुमचं भ्या मानलं असतं. मला सांगितलं असतं तर माझ्या भिंतीच्या कडेनं पाइप टाकू दिला असता की, पार मागच्या गटारीपस्तोर. कामून न्हाई इचारलं?"

ह्याचं उत्तर मडिवाळप्पांना माहीत होतं, आणि ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. बाईंना विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. स्लॅबवर त्यांच्या हातचं खाल्लं, खरं. पण आपल्या घराचं काही ठरवताना त्यांच्या दारात जाऊन परवानगी मागायची, हे सात जन्मांत सुचलं नसतं. आपल्या मठाच्या अय्यांच्या मळ्यातून पाट न्यायचा असता तर त्यांनी टोपी काढून विचारलं असतं. हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं.

मागं दारात गुणाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "माझ्या नावानं केलं व्हय?" एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी समाजमंदिरात सुकन्या बोलायला उठली, तेवढ्यात मडिवाळप्पा उठले. "पोरी, तू बस. चूक तुझी न्हाई, माझी हाय." त्यांनी सगळं सांगितलं, बाईंना विचारलं नाही हा शेवटचा भागसुद्धा. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, कारण सुकन्याला बोल लावले गेले होते तेही तसेच, सगळ्यांना ऐकू जातील असे. कुणी हसलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. सुकन्या खाली मान घालून रडली. धम्मदीप उठला, सरळ मडिवाळप्पांच्या घरी गेला आणि आईचं अंथरूण गुंडाळून घेऊन आला.

भोक बुजलं. फरशी पुन्हा उखडली, उतार दक्षिणेला झाला. घर पाडायचं राहिलं, भिंतीला नवा गिलावा झाला. गुणाबाई ठणठणीत आहे, आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलते. पार्वतीबाई दिसल्या की "जेवलात का आप्पा" म्हणतात. तक्रार अशी कुणाची काहीच नाही.

परवा विष्णुपुरीहून पाणी सोडणार असल्याचा भोंगा वाजला. ठरल्याप्रमाणे गल्लीतली माणसं गाठोडी घेऊन सगळ्यांत उंच जोत्यावर, म्हणजे मडिवाळप्पांकडं जमली. लेकरं, म्हाताऱ्या, शेळ्यासुद्धा. मडिवाळप्पांनी मोजून बघितलं नाही, तरी कोण नाही ते त्यांना लगेच कळलं. ते भिजत पार्वतीबाईंच्या दारात गेले.

"बाई, चला. सगळे आलेत. तुमच्यासाठी पलंग मोकळा ठेवलाय."

पार्वतीबाई फळी बसवलेल्या दारापलीकडं उभ्या होत्या. "माझं घर आता कोरडं ऱ्हातंय, आप्पा. आणि लईच आलं तर वर स्लॅब हाय की."

"तरीबी चला."

"तुम्ही जावा. तुमच्याकडं माणसं लई हायेत, गुणाबाई एकटी काय काय बघंल?" त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. जुना शेजार बोलतो तसंच. रागाचा मागमूस नव्हता, आणि म्हणून मनधरणीला जागाही नव्हती. मडिवाळप्पा थोडा वेळ पावसात उभे राहिले. पूर आलाच तर कुणाच्या जिन्याकडं बघायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्या जिन्यातून आपल्याला पुन्हा हाक येईल, ह्याचीही त्यांना खात्री होती. तीच खात्री त्यांना सोसवेना.