डावीकडून बोटभर आखूड

मोटरकाकांना स्वतःची चूक कधीच सापडली नाही. सापडायची ती इतरांना, आणि काकांच्या मते ती इतरांचीच असायची. धंतोलीतल्या एका वकीलसाहेबांची जुनी विलायती मोटर त्यांनी बावीस वर्षं चालवली. त्या काळात ती चार वेळा झाडावर आदळली, आणि चारही वेळा झाडच रस्त्यात आलं होतं. मी काकांच्या इतवारीतल्या घरी भाडेकरू असल्यामुळे मला हे पटलेलं होतं.

पुढे वकीलसाहेबांची दृष्टी गेली आणि त्यांच्या मुलांनी मोटर काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला विकायचं ठरवलं. काकांची नोकरीही तिच्याबरोबरच गेली. मग काकांनी निश्चय केला, की तिची हुबेहूब लाकडी मोटर करून साहेबांच्या हाती द्यायची, आणि तोवर साहेबांना तोंड दाखवायचं नाही.

"साहेबाईचे डोये गेले, हात त हायेत ना गा! हात लावल्याबरोबर ओयखतील," ते मला म्हणाले.

मी माझी फूटपट्टी देऊ केली. काकांनी तिच्याकडे अशी नजर टाकली, की मला ती लपवावीशी वाटली. घराणं विणकरांचं, मोजायचं ते सुतानंच. मोटरीएवढा दोरा घ्यायचा आणि तीनदा दुमडायचा, झाला आठवा हिस्सा. गणित बिनतोड होतं. फक्त उजवी बाजू त्यांनी खळ लावलेल्या ताठ सुतानं मोजली, आणि ते संपल्यावर डावी बाजू साध्या सुतानं, चांगलं ताणून. ताणलेलं सूत सोडलं की आखडतं, हे विणकराच्या मुलाला माझ्यासारख्या कारकुनानं कसं सांगावं? घोटाळा दिसला तोवर खरी मोटर काटोलला जाऊन पोचली होती.

लाकूड होतं वडिलांच्या मोडक्या मागाचं. अंगणभर भुसा उडायचा आणि काकू वाळत घातलेलं लुगडं तिसऱ्यांदा झटकत म्हणायच्या, "सासऱ्यानं त्या मागावर लुगडे विणले. हे मोटर विणून राहिले!"

आणीबाणी आली आणि गेलीसुद्धा, तेव्हा कुठे मोटरीला दारं लागली. दारं उघडायची, चाकं फिरायची, पुढच्या दिव्यांना पितळी कड्या होत्या. आणि डावी बाजू उजवीपेक्षा चांगली बोटभर आखूड होती.

"काका, जरा वाकडी दिसते."

"वाकडी काहून राहीन? वळण घेऊन राहिली ते!"

सायकलरिक्षात मोटर मांडीवर घेऊन आम्ही धंतोलीला गेलो. साहेब ओळखतील की नाही, या धास्तीत काकांनी वाटेतल्या एकाही झाडाला नावं ठेवली नाहीत. हा चमत्कार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

साहेबांनी दिव्यांवरून, पायरीवरून सावकाश बोटं फिरवली. "डावी बाजू आखूड का रे?"

आता दोष सुतावर जातो की माझ्यावर, याची मी वाट बघू लागलो.

"माही चूक झाली साहेब," काका म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. साहेबांची बोटं मागच्या गादीवर पोचली आणि एका खोलगट जागी थांबली. "हा तर माझ्या बसण्याचा खड्डा!" ते खळखळून हसले. काका पंच्याच्या टोकानं डोळे पुसायला लागले. साहेबांनी मोटर ओळखली होती.

मग साहेब म्हणाले, "सुरेख केलीस. पण खरीची हयगय नको हं. मुलं सांगतात, तू रोज येऊन गॅरेजात ती पुसून जातोस. मग मला का भेटत नाहीस?"

दारात उभ्या असलेल्या थोरल्या मुलानं घाईघाईनं काकांपुढे हात जोडले. मोटर विकल्याचं वडिलांना सांगायचं धाडस त्या घरात कुणालाच झालं नव्हतं. आयुष्यभर झाडांवरसुद्धा आळ घेणाऱ्या माणसाला आज खरोखरचे गुन्हेगार समोर सापडले होते.

काकांनी पंचा खांद्यावर टाकला. "उद्यापासून भेटतो जी," ते म्हणाले.

काकांची मी पुष्कळ थट्टा केली, पण यापुढच्याची मला कधी करता आली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी सायकलनं धंतोलीला जायचे, रिकाम्या गॅरेजचं दार उघडायचे आणि बादली भरून फडकं पिळत बसायचे. व्हरांड्यातल्या साहेबांना ऐकू जाईल, एवढ्या जोरात.