आमच्या शेडची पाळी

वाळूजच्या एका आतल्या गल्लीत माझी प्लेटिंगची शेड होती. लोखंडी जॉब, म्हणजे कारखान्यांचे सुटे भाग, यायचे, त्यांना जस्ताचा मुलामा द्यायचा, धुवायचे, वाळवून परत पाठवायचे.

गल्लीतल्या सहा-सात कारखानदारांनी एक रिवाज पाडला होता. महिन्यातून एका शनिवारी दुपारी कुणाच्या तरी शेडमध्ये जमायचं आणि त्याच्या कामात जे खटकेल ते तोंडावर सांगायचं. कुणाला काय लागतं तेही विचारायचं, म्हणजे शेजारी मिळणारी वस्तू पुण्याहून मागवायला नको. ही कल्पना प्रेसशॉपवाल्या चाचांची. मी सगळीकडं जायचो, चहा प्यायचो, पण माझी पाळी आली की सबब सांगायचो. खरं म्हणजे थकलो होतो. पाण्याच्या टँकरची वाट बघा, लाइट गेली की मोटारी पुन्हा चालू करा. पुंडलिकनगरला घरी पोचलो की जेवता जेवता डोळे मिटायचे. त्यात चार जणांनी येऊन आणखी दहा कामं सांगितलेली मला नको होती.

मग एका सकाळी फाटकाशी एक मेंढपाळ येऊन उभा राहिला. शेडमागच्या नाल्याकाठी तो मेंढरं चारायचा.

"साहेब, पाणी पिवळं यायलंय," तो म्हणाला. "मेंढरं तोंड लावीनात. तुमचंच हाय का, बघा जरा."

"बघतो," मी म्हणालो. बघायची गरज नव्हती. मुलामा दिल्यावर आम्ही जॉब ज्या द्रावणात बुडवायचो, त्याचाच तो रंग.

त्याच दिवशी चाचांना फोन केला. "येत्या शनिवारी माझ्याकडं या."

"अच्छा हुआ," ते म्हणाले. "आम्ही वाटच बघत होतो."

आले सगळे. त्यांच्यात गल्लीतला दुसरा प्लेटिंगवालाही होता. त्याचं एक मोठं गिऱ्हाईक मी तोडलं होतं, तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. बाकीचे लांबून बघत होते, हा मात्र वाकून वाकून सगळं बघत फिरला. धुण्याच्या टाकीचा नळ दिवसभर सोडलेला. टाकी भरून सांडायची आणि ते पाणी पावसाच्या नालीतून थेट नाल्यात. मला वाटलं, आता हा माझी लाज काढणार.

"जॉब द्रावणातून वर काढला की किती वेळ धरता?" त्यानं विचारलं.

"धरत नाही. लगेच धुवायला."

"मग रसायन पाण्यातच जाणार. अर्धा कप चहा पिऊन होईस्तोवर निथळू द्या. आणि धुवायला एकीच्या जागी तीन टाक्या करा. ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडा, तिथून मधलीत, मग पहिलीत. नळ बारीक ठेवला तरी भागतं."

"हे तुम्ही मला का सांगता?"

"नाला पिवळा झाला की लोक तुमचं नाव घेत नाहीत. प्लेटिंगवाले म्हणतात."

टाक्या मी पुण्याहून मागवणार होतो. चाचांनी हाताला धरून तिसऱ्या शेडमधल्या टाक्या बनवणाऱ्याकडं नेलं. त्याची पहिली टाकी चौथ्याच दिवशी सांध्यातून गळली. चिडायचंही त्राण नव्हतं. चालत जाऊन सांगितलं, तो जेवण अर्धं टाकून आला. आठवड्यानं पुन्हा गळली, पुन्हा आला. पुण्याहून कोण आलं असतं? नालीचं तोंड बुजवलं. पिवळं पाणी आणि गाळ पिंपांत भरून प्रक्रियेला पाठवू लागलो.

मेंढपाळाला सांगायला गेलो. त्यानं ऐकून घेतलं.

"आमी आता वरच्या अंगाला नेतो मेंढरं," तो म्हणाला. "एक पावसाळा जाऊ द्या, मग बघू."

त्याचं बरोबर होतं.

माझं काम मात्र वाढलं. कामगार निथळायला थांबायचे नाहीत, रोज मागं उभं राहावं लागायचं. पुढं चाचांचे गुडघे गेले आणि सगळ्यांना फोन करायचं काम माझ्याकडं आलं. येणारे कमी होत गेले. एका शनिवारी तिघंच जमलो. मी त्या प्लेटिंगवाल्याला म्हणालो, "बंद करू या का हे?"

"करा," तो म्हणाला. "पण माझी प्लेटिंगची नवी लाइन तेवढी बघून जा."

पाय दुखत होते, तरी गेलो. त्याचा हवा ओढायचा पंखा उलट्या बाजूला बसवला होता, टाकीतल्या आम्लाची वाफ कामगाराच्या तोंडावर येत होती. तेवढं सांगितलं आणि घरी आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन केले.