सीमेपलीकडचं पेट्रोल

तिसरी घंटा झाली, असं समजा. पडदा हळूहळू वर जातो. उदगीरची एक गल्ली, कडुलिंबाची सावली, तिच्यात दुधी रंगाची जुनी मोटार. बॉनेट उघडं आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेले गुरुपादप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, बाहीला ग्रीस. किराणा दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले गृहस्थ.

या गाडीचा एकेकाळचा थाट काय सांगावा! गल्लीतली कुठलीही लेक सासरी निघाली की याच गाडीतून. अप्पा स्वतः चालवायचे, आणि भाडं म्हणून फक्त एक विडा घ्यायचे. येत्या रविवारी शेजारच्या श्रीशैलची लेक वर्षाराणी मुखेडला सासरी जाणार होती. आणि गाडी चढावर खोकत होती, उभ्या उभ्या बंद पडत होती.

हरिओमच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून अप्पांनी इंजेक्टर साफ करायची बाटली आणली. मग ऑक्टेन वाढवायची. कुणी डांबरगोळ्या टाका म्हणालं, त्याही आणल्या. त्या मात्र त्यांच्या बायकोनं, कमलम्मांनी, हिसकावून कपड्यांच्या कपाटात टाकल्या.

"पोट बिघडलेल्या माणसाला टॉनिक पाजून काय हुतंय? आत काय गेलंय ते बघा की आधी!"

आत काय गेलं होतं, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कर्नाटकाची हद्द जवळ, तिकडे पेट्रोल स्वस्त. उदगीरची माणसं जाता-येता तिकडून टाकी भरून घेतात. अप्पांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी उन्हाळ्यात कॅन भरून आणले आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवले. गाडी क्वचितच हलायची. पेट्रोल पावसाळाभर तिथंच राहिलं, आणि मग तेच टाकीत गेलं.

मेकॅनिक सुदामनं त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसत होता.

"अप्पा, आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतंय. ते हवेतलं पाणी ओढतंय. झाकणं ढिली, त्यात पावसाळा. तुमचं इंजिन पाणी पिऊन राहिलंय."

"मग पाणी घालवायची बाटली असंल की!"

"हाय. थोड्या ओलीला चालती. इतक्याला न्हाई. टाकी रिकामी करावी लागंल."

"आणा अजून स्वस्तातलं," कमलम्मा म्हणाल्या. "आता काय, म्हशी धुता त्यानं?"

टाकी रिकामी झाली, धुतली गेली. पैशापैशाचा हिशेब करणारे अप्पा गावातल्या पंपावर महागड्या पेट्रोलच्या नळीसमोर जाऊन उभे राहिले.

"आज भारीतलं टाक. लेकरू बसणार हाय."

सोबत आलेला सुदाम हसला. "ही गाडी साध्यावर चालायला बनलीय, अप्पा. भारीतलं टाकून तिला पंख फुटत न्हाईत. साधंच घ्या, ताजं घ्या, लागंल तेवढंच घ्या. बाटली एक बी नको."

साधं भरलं. गाडी नाक्यापर्यंत गेली आणि न खोकता परत आली. बसलेला आवाज पुन्हा लागावा आणि म्हाताऱ्या गायकाचा चेहरा उजळावा, तसे अप्पा उजळले. पण सुदाम मागच्या सीटला कान लावून बसला होता.

"सीटखालच्या टाकीतला पंप कण्हून राहिलाय. पाण्यानं धरलाय त्याला. मुखेडपर्यंत जाईल बी, न जाईल बी. नवा मागवला तरी सोमवारच्या आत येत न्हाई."



संध्याकाळी श्रीशैल आला आणि लिंगायती रिवाजानं हात जोडून म्हणाला, "शरणार्थी, अप्पा! फुलवाल्याला गाडीचं माप सांगायचं हाय. आपलीच धरतो ना?"

कमलम्मा चहा घेऊन दारातच थांबल्या. सुदाम हातातला पाना उगीच पुसत राहिला. अप्पांनी नुसतं "हाव" म्हटलं असतं, तर त्या दोघांनीही तोंड उघडलं नसतं.

"भाड्याच्या गाडीचं माप दे," अप्पा म्हणाले.

"का हो? आमचं काय चुकलं?"

"चुकलं माझं. पोरगी रस्त्यात उभी राहायला नको. तिला भाड्याच्या गाडीत बसू दे, मी मागनं येतो. आन् ती बंद पडली तर आपली हायच की!"