अकरा पडद्यांचं संग्रहालय

मामा नाटकांचे पडदे रंगवतो. माझ्या आईचा हा थोरला भाऊ. पण नाट्यगृहातले दिवेवाले, तिकीटवाले, नट, सगळेच त्याला मामा म्हणतात. आणि एका संस्थेने त्याला पुरता मामा बनवलाही.

नाट्यगृहामागे एक लांबलचक खोली होती. अख्खा पडदा पसरता येईल एवढी जमीन साऱ्या शहरात तेवढीच. कापड जमिनीवर ताणून खिळे मारायचे, ब्रश लांब काठीला बांधायचा आणि अनवाणी पायांनी कापडावरूनच चालत रंगवायचं, ही त्याची रीत. रंगात चिकटपणासाठी सरस कालवलेला. प्रयोग संपले की पडदा अंगणात नेऊन गरम पाण्याने घासून धुवायचा आणि त्याच कापडावर पुढचं नाटक रंगवायचं. चाळीस वर्षं त्याने अकरा कापडांवर काढली. धुतलेलं कापड कोऱ्यापेक्षा रंग चांगला धरतं, असं तो म्हणतो.

कला आणि संगणक यांचं लग्न लावून देणाऱ्या संस्थांना सरकार अनुदान देणार, अशी जाहिरात आली. जिचा कलेशी संबंध आजवर पहिल्या रांगेतल्या खुर्चीपुरता होता, ती संस्था लगेच दोन्हीकडची मावशी म्हणून उभी राहिली. अध्यक्षबाईंनी अर्जात लिहिलं : दोनशे ऐतिहासिक पडद्यांचं डिजिटल संग्रहालय. आकडा मामानेच दिला होता. बाईंनी विचारलं, आजवर किती रंगवलेत. त्याने खरं ते सांगितलं. किती उरलेत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

अनुदान मंजूर झालं. फोटो काढायला म्हणून बाईंनी खोली तीन आठवड्यांपुरती मागितली. मामाने किल्ली दिली. अकरा पडदे टिपून झाल्यावर कॅमेरावाल्याने बाकीचे कुठे आहेत म्हणून विचारलं, तेव्हा मामाने अंगणातल्या मोरीकडे बोट दाखवलं.

दोन दिवसांत बाईंनी उपाय शोधला. मग संगणकाला ते अकरा पडदे चारण्यात आले आणि त्याने एकशे एकोणनव्वद पडदे घातले, कोंबडीलाही लाज वाटावी इतक्या झटपट. प्रत्येकाखाली मामाचं नाव. खोलीत गालिचा आला, थंड हवेचं यंत्र आलं, डोळ्यांवर चढवले की आतच पडदे दिसणारे चार जाड चष्मे आले. त्या चष्म्यांना धूळ चालत नव्हती. मग सरस कुठून चालणार?

तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. एक नवं नाटक बसत होतं, त्याला रेल्वे स्टेशनचा पडदा हवा होता आणि मामाला त्याची जमीन. पाहणीला अधिकारी येताहेत, त्यांच्यापुढे दोन शब्द बरे बोला, मग खोलीचं बघू, असं बाईंनी त्याला ऐकवलं.

अधिकारी आले. चष्मा चढवून जागच्या जागी गोल फिरले, भिंतीवर आपटले आणि अनुभव जिवंत असल्याचं म्हणाले. मग चष्मा मामाला चढवला. त्याने बराच वेळ पाहिलं.

"कसं वाटलं, मामा?" बाईंच्या आवाजात विरघळणार नाही इतकी साखर झाली होती.

"झाडं बरी आहेत. पण एकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. असला पडदा मी दिला असता तर नाटकवाल्यांनी मला त्यातच गुंडाळून बाहेर ठेवलं असतं. हे माझं नाही."

'कलावंताने बारकाईने रस घेतला,' अशी नोंद अधिकाऱ्यांनी केली. मामाने थेट त्यांनाच विचारलं, खोली कधी मिळेल. त्यांनी कागद चाळला : अनुदानातून बसवलेली वस्तू पाच वर्षं जागची हलवता येत नाही. नियमच आहे म्हटल्यावर बाईंना मोकळं वाटलं. त्यांनी मामाला घरी रंगवायचा सल्ला दिला, छोट्या आकारात.

शोभेसाठी म्हणून राजवाड्याचा पडदा त्या खोलीत टांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने तो उतरवला, अंगणात पसरला आणि घासायला बसला. बाई धावत आल्या.

"अहो, हा वारसा आहे!"

"शुक्रवारी प्रयोग आहे," मामा म्हणाला आणि खिडक्या घासत राहिला. राजवाडा मोरीतून वाहून गेला. बाईंनी तेवढ्यात त्याचे फोटो काढून घेतले. पुढच्या अर्जात ते 'प्रात्यक्षिक कार्यशाळा' म्हणून गेले.

स्टेशन त्याने नाट्यगृहाच्या व्हरांड्यात रंगवलं. तिथे पडदा अर्धाच मावायचा. एक अर्धा रंगवायचा, वाळला की गुंडाळायचा, मग दुसरा. शुक्रवारी पडदा टांगल्यावर मला दिसलं : दोन अर्धे जिथे मिळत होते तिथे, मधोमध, रूळ चार बोटं चुकले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मामाने ते माझ्या आधी पाहिलं होतं. तो स्टेशनमास्तरचं काम करणाऱ्या नटाजवळ गेला, त्याचा दंड धरून त्याला त्या जागेसमोर उभं केलं आणि म्हणाला, "इथेच राहा रे, बाबा."

पूर्ण अंकभर स्टेशनमास्तर तिथून हलला नाही.