धोंड्याचं वाण आणि बोटीवरची बशी

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकदाच वरकमाई केली, आणि तीही मी मागे लागले म्हणून.

हे देवळाली प्रवऱ्याजवळच्या साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसात साखर किती, हे दिवसभर मोजायचं. माणूस इतका सरळ, की घरच्या चहात साखर कमी पडली तरी मागायचा नाही. अशा माणसाला दुसऱ्याचे पैसे खिशात घालायला लावणं सोपं नव्हतं. पण मी तेव्हा वीस वर्षांची होते, संगमनेरला मामाकडे राहून मॅट्रिक झाले होते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की खात्री होती. (आता सत्तरी ओलांडली. कळत अजूनही नाही, खात्री तेवढी गेली.)

तो आमचा लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना. या महिन्यात जावयाचा थाट असतो. त्याला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशा-बत्ताशांसारखं जाळी पडलेलं गोड वाण द्यायचं, आणि ताटाशेजारी दक्षिणा ठेवायची. जावयाने फक्त जेवायचं आणि समोर येईल ते घ्यायचं.

माझे वडील, अण्णा, तिसगावचे शेतकरी. त्या वर्षी कांदा बरा गेला होता. त्यांनी ह्यांना विचारलं, "जावईबापू, काय घेऊ तुमाला? अंगठी?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "बोटीत बसायचंय."

अण्णा विचारात पडले. "त्यात काय? प्रवरेला पानी येऊ द्या, बसवतो की."

मग मी समजावलं, की ह्यांना मुंबईहून गोव्याला जाणारी मोठी बोट म्हणायचंय. अण्णा ह्यांच्या बोटाकडे बघत राहिले. बहुतेक अंगठीची किंमत आठवत असावेत. पण शब्दाला जागले. वरच्या वर्गाची दोन तिकिटं काढून दिली, आणि वर सांगितलं, "जेवनखानं, समदं तिकिटातच भरलंय. तुमी कायबी देऊ नका."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, हाच तर घोटाळा झाला.

दोन तिकिटं बघून सासूबाई म्हणाल्या, "तुमी दोघं बुडालात तर मला सांगायला कोन येनार? मीबी येते." आणि तिसरं तिकीट त्यांनी पदरचे पैसे घालून काढलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. घरातला सगळा पैसा त्यांच्या कमरेच्या चंचीत असे. भाजीला चार आणे हवे असले तरी वांगी का आणि गवार का नाही, हे मला आधी पटवून द्यावं लागे. वर्षभर मी त्या चंचीवर डोळा ठेवून होते. निघायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "बोटीवरचा खर्च तू बघ. नीट केलास तर घरचा येव्हारबी तुझ्याकडं देते. न्हाई तर पुन्यांदा इषय काढायचा न्हाई."

आणि त्यांनी रुमालात बांधलेले साठ रुपये माझ्या हातावर ठेवले. मी मनात ठरवलं, यातला एक पैसा फुकट जाऊ द्यायचा नाही.

मुंबईला धक्क्यावर बोट पाहिली आणि आत्याबाई थबकल्या. "ही बोट व्हय? कारखाना पान्यात सोडल्यागत दिसतीय." वर गेलो तर पांढरेशुभ्र कपडे घातलेला एक म्हातारा वेटर समोर आला. गोव्याचा माणूस, नाव मिंगेल. अदबीने वाकला आणि आम्हाला जेवणाच्या खोलीत घेऊन गेला. आमच्याच टेबलावर सोनेरी चष्म्याचे एक पुणेकर गृहस्थ बसले होते. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता जेवत होते.

जेवण छान होतं. शेवटी मिंगेलने पिवळ्या केकचे तुकडे आणले. आत्याबाईंनी आपला तुकडा उचलला, खिडकीतल्या उजेडाकडे धरला आणि माझ्या कानाशी आल्या.

"सूनबाई, जाळी बघ."

खरंच, केकला कशी दाट जाळी पडली होती! अनारशालाही पडणार नाही इतकी. मी मान वाकडी करून ती बघत राहिले. हे तर समुद्र बघण्यात गर्क होते. केकचं कौतुक संपवून मी वळले, तेव्हा पुणेकर गृहस्थ निघून गेले होते, आणि ह्यांच्यासमोर बडीशेपेची बशी होती. बशीत दोन रुपये.

आता तुम्हीच सांगा. धोंड्याचा महिना. जेवायला जावई. जाळीचं गोड. आणि ताटाशेजारी दक्षिणा. मॅट्रिक झालेल्या बाईने याचा काय अर्थ लावायचा?

"अण्णा सगळं तिकिटातच भरलंय म्हणाले, ते हे," मी म्हटलं. "दक्षिणासुद्धा."

आत्याबाईंच्या भुवया वर गेल्या. "तुझा बाप लई हौशी निघाला गं."

माहेरचं एवढं कौतुक त्या घरात पहिल्यांदाच होत होतं. मी दोन रुपये उचलून ह्यांच्यापुढे धरले. "घ्या."

"अगं, कोणाचे आहेत?" हे घाबरे झाले.

"तुमचेच. या महिन्यात जावयाने नाही म्हणू नये. देणाऱ्याचं पुण्य जातं."

"दत्तू, घे रं," आत्याबाई म्हणाल्या. "सोयऱ्याचा मान हाय."

ह्यांनी घेतले. मिंगेल आला, बशी उचलली, तिच्यात पाहिलं, मग बशीखाली पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं. मला वाटलं, फारच टापटिपीचा माणूस आहे.

दुपारी चहाला गेलो तेव्हा पुणेकर गृहस्थ चहा घेऊन उठून गेलेले. टेबलावर बशी आमच्या आधीच हजर. पण तिच्यात आठ आणे.

आत्याबाईंनी नाणं उलटंपालटं करून पाहिलं. "हात आखडला म्हनायचा तुज्या बापानं."

मला ते लागलं. माझे अण्णा दुपारी दोन रुपये देतील आणि चार वाजता आठ आणे? शक्यच नाही. म्हणजे मधल्या मधे कोणीतरी खातंय. ही बोट, अण्णांचा पैसा, आणि बशी आणणारा एकच माणूस. मी आठ आणे ह्यांच्या खिशात टाकले आणि मिंगेलला हाक मारली.

"दुपारी दोन रुपये आले. आता आठ आणेच कसे?"

मिंगेलने माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या बशीकडे पाहिलं, ह्यांच्या खिशाकडे पाहिलं. "बाय, मला दुपारपासून कायच मिळालं नाय."

"तुम्हाला कशाला मिळेल? ते जावयाचं असतं."

"जावयाचं," मिंगेल सावकाश म्हणाला.

"हो. आणि रात्रीच्या जेवणाला पुरते दोन आले पाहिजेत. आम्ही काही अडाणी नाही."

मिंगेल बशी उचलून निघून गेला. तेव्हापासून आम्ही त्याला दिसेनासे झालो. मी पाणी मागितलं, तर मिंगेल "येते" म्हणाला. पाणी आलं नाही. ह्यांनी उशी मागितली. तीही येतच राहिली. शेजारच्या खोलीतल्यांना मात्र बसल्या जागी सोडा मिळत होता.

"वागणं बिघडलंय याचं," मी म्हटलं.

"तू त्याला चोर म्हणालीस," हे म्हणाले.

"चोर कुठे म्हटलं? हिशोब विचारला."

इतक्यात बोट हलायला लागली. दिवस मावळतीला आला होता, वारा सुटला होता, आणि आत्याबाई खोलीतल्या पलंगाची कड धरून बसल्या होत्या. चेहरा पार उतरलेला.

"सूनबाई, त्याला म्हनावं बोट जरा थांबव. मी उतरते."

"आत्याबाई, खाली समुद्र आहे."

"असूं दे. मी कडंकडंनं जाईन."

मग त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. लिंबू हवं होतं, बादली हवी होती, आणि दोन्ही मिंगेलच्या हातात. मी धावत गेले. तो "बघतो" म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. सासू आजारी, वेटर रुसलेला, खर्चाची मुखत्यारी माझ्याकडे. घरी जाऊन आत्याबाई काय सांगणार? सुनेच्या राज्यात एक लिंबू मिळालं न्हाई! चंची जन्मात मिळायची नाही.

"त्याला दोन-चार रुपये दे," हे म्हणाले.

"पैसे? ज्याने जेवायला वाढलं त्याला पैसे?" मी थक्कच झाले. "माझ्या आईने तुम्हाला धोंडे वाढले. तुम्ही तिच्या हातावर चार आणे ठेवलेत का?"

हे विचारात पडले. "नाही ठेवले."

"मग? याला मान द्यायला हवा. पैसे देऊन आणखी रागवायचा."

माझ्या ट्रंकेत एक कोरी टॉवेल-टोपी आणि नारळ होता. (लेकीच्या ट्रंकेत कुठल्याही प्रवासाला एवढं घालायचंच, असा माझ्या आईचा नेम होता. कोण कुठे भेटेल सांगता येत नाही.) मी मिंगेलला गाठलं. कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावलं, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला आणि टोपी पुढे केली.

"हे काय, बाय?"

"आहेर. राग सोडा. टोपी घाला डोक्यावर."

"पण ड्यूटी आसा."

"हातात धरली तर मान होत नाही."

म्हाताऱ्याने टोपी घातली. कपाळाला कुंकू, खांद्यावर टॉवेल, पांढरे कपडे, पांढरी टोपी. आमच्याकडच्या कुठल्याही लग्नात व्याही म्हणून खपला असता. मग मान हलवत आत गेला आणि लिंबं, आल्याचा तुकडा, बादली, सगळं घेऊन आला. आत्याबाईंच्या उशाशी बसून त्यांना आलं चोखायला लावलं. तासाभरात आत्याबाई उठून बसल्या आणि मिंगेलला मुलं किती, हे विचारू लागल्या. मी ह्यांच्याकडे विजयाने पाहिलं. हे उशीला टेकले होते. उशीही आली होती.

रात्री जेवायला गेलो. मिंगेल टोपी घालूनच वाढत होता. टोपी काढली तर मला वाईट वाटेल, असं त्याला वाटलं असावं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. पुणेकर गृहस्थही वर्तमानपत्र खाली ठेवून बघत होते. जेवण झालं, बशी आली, गृहस्थांनी खिशातून दोन रुपये काढून बशीत ठेवले, आणि मी जागच्या जागी गार पडले. पैसे हे गृहस्थ देत होते! अण्णा नव्हे!

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो काका, दर जेवणाला कशाला? तुमचे फार उपकार आहेत."

"कसले उपकार?"

"जावयाला इतकं देता."

"कोणाच्या जावयाला?"

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना."

गृहस्थांनी चष्मा पुसला. "हे माझे जावई आहेत?"

"नाही. माझ्या वडिलांचे."

"मग मी का देईन?"

"तेच तर मला कळत नाहीये," मी म्हटलं.

गृहस्थांनाही कळत नव्हतं. त्यांनी मिंगेलकडे पाहिलं. मिंगेलने टोपी नीट केली आणि फार हळू म्हणाला, "बाय, ते माझे न्हय?"

मग गृहस्थांनी सगळं उलगडून सांगितलं. बोटीवर वाढणाऱ्याला बक्षिसी देतात. ती बशीत ठेवतात. तिकिटात जेवण येतं, बक्षिसी येत नाही. ती ज्याने त्याने आपल्या खुशीने द्यायची असते. ते बोलत होते आणि माझं तोंड टेबलाच्या दिशेने खाली खाली चाललं होतं. त्याच्याच पैशांचा हिशोब मी त्याच्याकडे मागितला होता, आणि वर रात्री पुरते दोन आण म्हणून बजावलं होतं.

ह्यांनी अडीच रुपये काढले. मी रुमालातले पाच रुपये त्यावर ठेवले. मिंगेलने पैसे घेतले, त्यातले आठ आणे वेगळे काढले आणि ह्यांच्यापुढे धरले.

"नको, नको," हे दोन पावलं मागे सरले.

"जावयाने नाय म्हणू नये," मिंगेल म्हणाला.

ह्यांनी ते घेतले. वरकमाई म्हणतात ती एवढीच.

आत्याबाई जेवण उरकून सरळ झोपायला गेल्या. मी रात्रभर छताकडे बघत पडले. सकाळी पणजी दिसायला लागली, तेव्हा मी उरलेले पंचावन्न रुपये रुमालासकट त्यांच्यापुढे धरले.

"चुकले, आत्याबाई. तुमचं तुम्हीच बघा."

त्यांनी रुमालाकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेची चंची सोडली आणि माझ्या ओंजळीत ठेवली.

"आत्याबाई?"

"जिथं समदी पैशे देऊन येत्यात तिथनं तू घेऊन आलीस. वर कमी का दिलं म्हनून भांडलीस. तुज्या हातनं घर न्हाई बुडायचं. दत्तूच्या हातनं बुडंल."

हे "आई" म्हणाले आणि ट्रंक उचलून पुढे झाले.

मी चंची कमरेला खोचली आणि ताठ मानेने उतरायला निघाले. आता मी घराची कारभारीण होते, आणि बोटीवरचे रिवाज तर मला तोंडपाठ झाले होते. शिडीच्या तोंडाशी पांढऱ्या कपड्यांतला एक उंच माणूस म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आधार द्यायला हात पुढे करून उभा होता. त्याच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या होत्या, कपडे मिंगेलपेक्षा बरेच भारी होते, म्हणून मी आठ आण्यांवर न भागवता चांगला रुपया त्याच्या तळहातावर ठेवला. माझ्या अधिकारात खर्च झालेला घरचा पहिला रुपया असा बोटीच्या कप्तानाला गेला.